सुनेच्या दुधाचं फॅट

आमची दुधाची डेअरी सासऱ्यांच्या वेळची. आता मुलगा बघतो, पण गल्ल्यावर मीच बसते. मला घरात करमत नाही, आणि मुलाला सुट्टे द्यायचा कंटाळा.

सून बाळंत झाली तीच आजारातून उठून. पोटुशी असताना साखर वाढलेली, शेवटी शेवटी तापाने हैराण, औषधांनी तोंडाची चवच गेलेली. नातू मात्र सुखरूप झाला. पण घरी आल्यापासून प्यायचा, पाय पोटाशी घ्यायचा आणि रडून घर डोक्यावर घ्यायचा. सुनेने मनाशी धरूनच ठेवलं, की माझ्या आजारी अंगातून लेकराला चांगलं काही मिळतच नाहीये.

आता आमच्या चिरंजीवांची अक्कल ऐका. बायकोने वाटीत काढून ठेवलेलं दूध त्याने गुपचूप डेअरीत नेलं आणि फॅट काढायच्या मशीनला लावलं. जन्मभर लोकांचं दूध असंच तपासलेलं, दुसरं सुचणार तरी काय म्हणा. घरी येऊन तोंड पाडून सांगतो, फॅट गाईपेक्षाही कमी लागलं. सून उठली आणि उरलेलं दूध मोरीत ओतलं.

माझं डोकंच फिरलं. बायको आहे ती, गोठ्यातली म्हैस नव्हे, म्हणून त्याला चांगलं फैलावर घेतलं. पण सुनेचं मन उडालं ते उडालंच. यापुढे पावडरचंच पाजते म्हणाली. मुलगा लगेच डबा घेऊनही आला. मी म्हटलं, डबा फोडायच्या आधी डॉक्टरीणबाईंना विचारू, आणि तिला नि बाळाला रिक्षात घातलं.

डॉक्टरीणबाईंनी बाळाचं वजन केलं. छान वाढलं होतं. मग त्यांनी समजावलं, की दर वेळी पाजताना सुरुवातीचं दूध पातळच येतं, पुढे दाट होतं. शिवाय आईच्या दुधात अशी एक साखर असते, जी बाळाला पचतच नाही. ती असते त्याच्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंसाठी. आईच्या आजाराने, औषधांनी त्या जंतूंची घडी थोडी विस्कटू शकते, म्हणून तर हे दूध चालू राहायला हवं. आम्ही विरजणावर जगणारी माणसं, मला ते चटकन पटलं.

सुनेने हळूच विचारलं, "माझी तब्येत सुधारली तर त्याचं पोटही सुधारेल?"

"मदत नक्की होईल. आधी तुम्ही नीट जेवा, झोपा," बाई म्हणाल्या.

घरी येऊन तिने बाळाला पदराखाली घेतलं आणि नवऱ्याला सांगितलं, "ह्याच्या पोटाला काय लागतं ते तुझ्या मशीनला कळत नाही. मोजायचंच असेल तर माझी साखर अजून चढी आहे, ती रोज मोज."

पठ्ठ्याने मोजली. तिचं पथ्याचं जेवणही स्वतः रांधायला लागला. हळूहळू तिची साखर ताळ्यावर आली, बाळाचं रडणंही कमी झालं. किती कशामुळे ते डॉक्टरच जाणोत.

परवा ती बाळाला घेऊन डेअरीत आली. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. बाळाचे गाल बघून एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं, कुठलं दूध पाजता हो ह्याला?

"माझं," सून म्हणाली.

इतक्या वर्षांत आमच्या डेअरीत आपल्या दुधाबद्दल इतक्या ताठ मानेने बोलताना मी कुणाला ऐकलं नव्हतं.