नकाशात नसलेली विहीर

मोजणी कचेरीतला तो जुना नकाशा मांजरपाटावर हाताने काढलेला होता. वाळवीने त्याच्या कडा खाल्ल्या होत्या. मारुतीरावांनी तो नकलेसाठी टेबलावर पसरला आणि वडगावच्या एका गल्लीशी त्यांचं बोट अडलं. तिथे निळ्या शाईचं वर्तुळ होतं, शेजारी बारीक अक्षरात ‘विहीर’.

बावीस वर्षांपूर्वी वडगावचा नवा नकाशा त्यांनीच काढला होता. तेव्हा नागुबाई नावाच्या म्हातारीने बजावलं होतं, “हितं हीर हाय रं. पलेगात फरशी टाकून झाकली.” पण डोळ्याला दिसेल तेवढंच काढायचं, हा कचेरीचा नियम. माणसाला आळस झाकायला नियम बरा सापडतो. मारुतीरावांनी मोकळी जागा दाखवली. पुढे तिथे विणकरांची घरं उठली. त्यातल्याच एका घरात त्यांनी आपली चंद्रा दिली होती, आणि आज तिथे नव्या हातमागाखालचा, पाय सोडायचा खड्डा पूजायचा होता.

ते धापा टाकत पोचले, तेव्हा पूजा उरकली होती. चंद्रा खड्ड्यात पाय सोडून विणायला बसलीसुद्धा होती.

“खणताना तळाला फरशीच लागली, मामा,” जावई बसवंत खुशीत म्हणाला. “आयतंच काम झालं.”

“चंद्रे, ऊठ.”

“वीतभर विणल्याबिगर उठायचं न्हाय, आप्पा. अपशकुन असतोय.”

मारुतीरावांनी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. धागे तटातट तुटले. नव्या मागाचे धागे बापानेच तोडावेत, हे बघून चंद्राच्या सासूने तोंडाला पदर लावला.

“खाली हीर हाय,” मारुतीराव कसेबसे म्हणाले.

बसवंतने कोनाड्यातून घराच्या जागेचा नकाशा काढला. “ह्यात कुठं हाय? सही तर तुमचीच हाय न्हवं?” रागाच्या भरात तो नकाशा हातात घेऊनच खड्ड्यात उतरला. “बघा, किती घट्ट हाय ती.”

त्याने टाच आपटली. काही झालं नाही. दुसऱ्यांदा आपटली, तेव्हा खोल खाली पाण्यात माती पडल्याचा आवाज आला. बसवंतचा चेहरा उतरला.

“मामा,” तो हळूच म्हणाला. नकाशा काठावर टाकून त्याने हात वर केला.

मारुतीराव वाकले. बोटांना बोटं लागली, तेवढ्यात फरशी कलली आणि बसवंत तिच्यासकट खाली गेला.

काठावर नकाशा तेवढा राहिला.