यादीत नसलेलं मुंडकं

आधीच सांगून टाकते: माझं अ‍ॅप निर्दोष होतं. हे वाक्य मला या आठवड्यात इतक्यांदा म्हणावं लागलं, की शेवटी आकड्यांना टांगलेल्या बाहुल्याही माना डोलवतायत असं वाटायला लागलं.

आमच्या घरी बाहुल्यांचे खेळ करतात. आई गोष्टी लिहिते, बाहुल्यांचे कपडे शिवते आणि सगळ्या बायकांचे आवाज काढते. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, बाहुल्यांची डोकी घडवतो, दोऱ्या ओवतो आणि उरलेल्या सगळ्यांचे आवाज काढतो, म्हणजे राजे, बेडूक, भुतं आणि दारंसुद्धा. आणि मी? गेल्या वर्षापर्यंत मी पडद्यामागे स्टुलावर बसून राहायची आणि कुणी काही विचारलं की नुसती मान हलवायची. म्हणून मामाने माझं नाव ठेवलं उंदीर. लाडात आला की उंदरे.

यंदा शाळेत प्रोग्रॅमिंग सुरू झालं आणि माझ्या डोक्यात असा काही लख्ख प्रकाश पडला की विचारू नका! मामा एका हाताने राजा नाचवतो, दुसऱ्या हाताने घोडा, आणि तोंडाने विजा पाडतो. त्याची दमछाक बघून मी एक अ‍ॅप लिहिलं. एक बटण, एक आवाज. वीज, करकरणारं दार, बेडूक, टापा आणि सगळ्यांत खाली, लाल रंगाचं, राक्षसाची डरकाळी. डरकाळीसाठी मामाने बादलीत तोंड घालून आवाज दिला होता, आणि तो इतका भयानक झाला की बादलीकडे बघून मला अजून कसंतरी होतं. अ‍ॅपचं नाव मी 'गडगडाट' ठेवलं. पडद्यामागे मला माझं स्वतःचं टेबल मिळालं. टेबल! उंदराला!

आणि गेल्या रविवारी सगळं मुसळ केरात गेलं.

खेळ बागेतल्या गोल चौथऱ्यावर होता. तिथे विजेचा प्लग नाही आणि लांबून वायर ओढायला बागेचं ऑफिस परवानगी देत नाही, पोरं अडखळून पडतात म्हणून. म्हणजे लॅपटॉप बॅटरीवर. रात्रभर चार्जरला लावून ठेवल्यामुळे घरून निघताना ती पूर्ण भरलेली होती. पण राक्षसाने जबडा उघडला, मी लाल बटण दाबलं, आणि स्क्रीन काळी ठिक्कर! राक्षस तोंड उघडून नुसता लटकतोय. शेवटी आईनेच डरकाळी फोडली. तिला सर्दी झाली होती.

"राक्षसाचा पार बोकड झाला गं ताई," मामा घरी येताना म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "उंदरे, तुझं अ‍ॅप बॅटरी कुरतडतंय."

"माझं अ‍ॅप निर्दोष आहे," मी म्हणाले. तो पहिला नंबर.

आज परत त्याच बागेत, त्याच चौथऱ्यावर खेळ होता. जेवण झाल्यावर मामा हात धुऊन म्हणाला, "मी मित्राकडून जुना टेपरेकॉर्डर घेऊन येतो. सेल घातले की झालं. भरवसा आहे त्याचा."

"आणि गडगडाट?" मी विचारलं.

"तो घरी बसून गडगडेल."

आईने माझ्याकडे पाहिलं. "हे बघ, मला परत बोकड व्हायचं नाहीये. मामा यायच्या आत तुला काही सापडलं तर बघू. नाहीतर टेप."

म्हणजे कसं, ते कळलं ना? मामाची गाडी परत फाटकाशी यायच्या आत मला चोर शोधायचा होता. नाहीतर माझं टेबल गेलं आणि मी परत स्टुलावर, मान हलवत.

मी धावतच कामाच्या खोलीत गेले. आमची कामाची खोली म्हणजे एक लांबलचक बाक आणि त्यावर खडूने मारलेल्या दोन रेघा. डावीकडे आईच्या चिंध्या आणि बटणं, मधे माझी पुस्तकं, उजवीकडे मामाचा लाकडाचा भुसा आणि डिंक. या रेघांमागे इतिहास आहे. एकदा आईने उत्साहाने बाक झाडून काढला आणि मामाने आठवडाभर घासून तयार केलेले चेटकिणीचे डोळे केरात गेले. चेटकीण त्या खेळात चष्मा लावून उभी राहिली. तेव्हापासून घरात एकच कायदा आहे: दुसऱ्याच्या पसाऱ्याला हात लावायचा नाही. जे जसं पडलंय तसं पडू द्यायचं.

लॅपटॉप तिघांत एक. पण त्यातही तीन खाती, तीन पासवर्ड, जणू बाकावरच्याच रेघा.

मी माझ्या खात्यात शिरले, चार्जर काढला आणि एनर्जी मॉनिटर उघडला. कुठलं अ‍ॅप किती बॅटरी खातंय याची यादी त्यात दिसते, सगळ्यांत खादाड सगळ्यांत वर. मी श्वास रोखून बघितलं. गडगडाट होता पार तळाशी! त्याच्यापुढचा आकडा इतका चिमुकला की मला त्याचा पापा घ्यावासा वाटला.

"आई! आई, इकडे ये! बघ, माझं अ‍ॅप चिमणीएवढं खातंय!"

आई तोंडात टाचणी धरून आली. चष्मा कपाळावरून खाली ओढून तिने पाहिलं. टाचणी काढून म्हणाली, "मग एवढा घरघरतोय कशाला हा?"

खरंच की. लॅपटॉपचा पंखा असा घोंघावत होता की जवळची चिंधी फडफडत होती. खालून हात लावला तर इस्त्रीसारखा गरम. आणि बॅटरीचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत घसरत होता.

मी गडगडाट बंद केला. पंखा चालूच. ब्राउझर बंद केला. पंखा चालूच. एकेक करत सगळं बंद केलं, यादीत एकही खादाड उरला नाही, आणि पंखा अजून तसाच घुं घुं घुं!

इथे गेल्या वर्षीची मी असते तर रडायलाच लागले असते. पण मला काय झालं माहितेय? माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले! कारण याचा अर्थ एकच होता. कुणीतरी जेवतंय, ताटं रिकामी होतायत, पण पंगतीत ते दिसत नाहीये!

"आई, चोर यादीतच नाहीये!"

"अगं मग यादी काय कामाची?"

हाच तर प्रश्न होता. चालू असलेलं अ‍ॅप यादीत का नसेल? मी यादी वरखाली सरकवली. नावाप्रमाणे लावून पाहिली, आकड्याप्रमाणे लावून पाहिली. मॉनिटर बंद करून परत उघडला. आळशी झाला असेल म्हणून लॅपटॉपला झोपवून उठवलं. काही नाही. तेवढ्यात बॅटरी इतकी खाली गेली की मला चार्जर परत लावावा लागला. आणि गंमत बघा, चार्जर लावूनही आकडा वर सरकेना! वरून ओततोय आणि खालून कुणीतरी पितंय.

"काय रे देवा," आई म्हणाली, "आता खेळापर्यंत भरणार तरी का हा?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आई म्हणाली, "थांब, माझ्या खात्यात काही उघडं राहिलंय का बघते. मी काय, नुसतं झाकण पाडते आणि उठते." तिने पासवर्ड टाकायची स्क्रीन आणली. तिथे आमच्या तिघांचे फोटो गोल गोल दिसतात. आईचा हसरा, माझा दात दिसणारा, आणि मामाने स्वतःऐवजी लावलेलं गाढव.

आणि तिथे मला ते दिसलं. तिन्ही फोटोंच्या खाली एकेक बारीक बरोबरची खूण.

"आई, ही खूण कसली?"

"असते नेहमी. मला वाटलं सजावट आहे."

सजावट! अहो, ती खूण म्हणजे हा माणूस अजून आत आहे! आम्ही तिघंही कधीच बाहेर पडत नव्हतो. माझं झालं की आई तिचं खातं उघडायची, आईचं झालं की मामा त्याचं, आणि मागचा पसारा जसाच्या तसा. घरचा कायदा! दुसऱ्याच्या पसाऱ्याला हात लावायचा नाही! आम्ही तो लॅपटॉपलाही लावला होता आणि लॅपटॉप बिचारा तीन घरं एकदम चालवत होता.

मी आईला जवळजवळ ढकललंच. परत माझ्या खात्यात, परत मॉनिटर, आणि आता मी वरच्या मेन्यूत गेले, जिथे मी आजवर बोटही नेलं नव्हतं. तिथे बरोबरची खूण होती 'माझी' या शब्दापुढे. म्हणजे ही यादी फक्त माझ्या रेघेच्या आतलं दाखवत होती. रेघेपलीकडचं तिच्या लेखी नव्हतंच! खाली दुसरा पर्याय होता: 'सर्वांची'.

"आई, दाबू?"

"दाब बाई एकदाचं!"

दाबलं. यादी टण्णकन उडी मारून लांब झाली. आणि सगळ्यांत वर, बाकीच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षाही मोठा आकडा घेऊन बसला होता मामाचा डोकी बनवायचा प्रोग्रॅम! लाकडात कोरायच्या आधी मामा त्यात मुंडकं तयार करतो आणि चारी बाजूंनी फिरवून बघतो. पुढे नाव कुणाचं? मामाचं!

मी अशी किंचाळले की बाहेर कुणाचं तरी मांजर पळाल्याचा आवाज आला. आई आणि मी एकमेकींचे हात धरून गोल फिरलो. त्या धक्क्यात बाकावरची खडूची एक रेघ पुसली गेली.

"कर बंद," आई धापा टाकत म्हणाली. "नाहीतर आख्खा लॅपटॉपच बंद करून चालू कर. वेळ नाहीये."

माझं बोट बटणावर होतं. खरंच होतं. दाबलं असतं की पंखा थांबला असता. पण मला चेटकिणीचे डोळे आठवले.

"त्याने सेव्ह केलं नसेल तर?"

मामा सेव्ह करणाऱ्यांतला नाही हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मी फोन लावला. उचलला नाही, मामा गाडी चालवताना उचलतच नाही. मग आम्ही दोघी बसलो, चार्जरची वायर अशी धरून की जणू आमच्या जोर लावण्याने वीज लवकर येईल. आकडा जागचा हलत नव्हता. आईने राक्षसाची झूल टाचली, उसवली, परत टाचली. मी देवाला म्हटलं, मामाला सगळे दिवे हिरवे मिळू देत.

फाटक वाजलं. मामा आत आला, काखेत टेपरेकॉर्डर, चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा भाव. "हा बघा! याला ना पासवर्ड, ना—"

"मामा, बस इथे."

"काय गं उंदरे, एवढी—"

"बस म्हटलं ना!"

तो बसला. माझ्या आवाजाने तोही दचकला आणि मीही. मी यादीतल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कुणाचं?"

त्याने वाचलं. परत वाचलं. "अरेच्चा," तो म्हणाला.

"कधीपासून उघडं आहे?"

"अं... राजपुत्र सुरू केला तेव्हापासून असेल."

"म्हणजे गेल्या रविवारीसुद्धा होतं?" आईने विचारलं.

मामाने टेपरेकॉर्डर हळूच खाली ठेवला.

"सेव्ह केलंयस?"

"सेव्ह? छे गं. ते उघडंच असतं ना!"

बघा! मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. मामाने आमच्याकडे पाठ करून पासवर्ड टाकला, आणि स्क्रीनवर उगवलं एक भलंमोठं मुंडकं, गरागरा फिरणारं. आठवडाभर, कुणी बघत नसताना, आमच्या बॅटरीवर ते आपलं फिरतंय! उजवीकडून नाक, डावीकडून नाक. आणि ते नाक कुठेतरी पाहिल्यासारखं होतं.

"अरे," आई म्हणाली, "हा राजपुत्र म्हणजे तूच की!"

"छे! काहीतरीच."

"तूच आहेस. फक्त याला केस आहेत."

दाट, कुरळे, खांद्यापर्यंत केस! एकेक बट वेगळी! मामाच्या चकचकीत टकलावर घामाचे थेंब आले. "केसांना वेळ लागतो," तो पुटपुटला, "म्हणून फिरवून बघत होतो." आई राक्षसाच्या झुलीत तोंड खुपसून हसत होती. मी मात्र हसले नाही. खोटं कशाला बोलू, हसले, पण आधी म्हटलं, "सेव्ह कर. आता बंद कर. आता बाहेर पड."

त्याने तिन्ही गोष्टी केल्या. आणि पंखा... आधी हळू झाला, मग खोकल्यासारखा एक आवाज, आणि मग गप्प. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. आणि बॅटरीचा आकडा एक पाऊल वर सरकला! मग अजून एक! मी मोठमोठ्याने तो वाचत होते आणि मामा गाडीत सामान भरताना खिडकीतून विचारत होता, "आता किती?"

टेपरेकॉर्डर आम्ही नेला नाही. म्हणजे मामाने नेला, पण गाडीतच ठेवला आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

चौथऱ्यावर लाल उन्हं होती आणि गवतावर बसायला जागा नव्हती. पडद्यामागे माझं टेबल, टेबलावर लॅपटॉप, थंडगार. वीज कडाडली, दार करकरलं, बेडूक ओरडले. मामा दोऱ्या सांभाळत तोंड वाकडं करून कुजबुजला, "उंदरे, बॅटरी?"

"भरपूर आहे रे. तू राक्षस सांभाळ."

राक्षसाने जबडा उघडला. मी लाल बटण दाबलं.

अहाहा! बादलीतली ती डरकाळी अशी घुमली की पहिल्या रांगेतलं एक पोर आपल्या आजोबांच्या कोटात शिरलं आणि झाडावरचे पक्षी उडाले. मला माझ्या छातीत ती जाणवली. राक्षस लढला, राजकन्येने त्याला लोळवलं, तो धाडकन आडवा झाला आणि मेला. आई राजकन्येच्या आवाजात शेवटचं गाणं सुरू करणार होती.

मी बॅटरीकडे पाहिलं. अर्ध्याहून जास्त शिल्लक होती.

मी लाल बटण परत दाबलं.

मेलेल्या राक्षसाच्या तोंडून डरकाळी! मामाचे डोळे कपाळात गेले, पण हात बाहुलीवाल्याचे, त्याने झटक्यात राक्षसाला उठवून बसवलं. गवतावर एकच किंकाळी आणि मग असा हशा, असा हशा, की आईला गाणं सुरूच करता येईना.

"अगं, मेला होता ना तो?" ती पडद्याआडून माझ्यावर ओरडली.

"बॅटरी उरली होती!" मी तिच्याहून मोठ्याने ओरडले, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.