विहिरीवरच्या म्हातारीला सांगितलेलं

कॉम्प्युटरवरच्या नव्या खेळात पहिल्याच दिवशी मला एका रानडुकराने मारलं. मी गवत बघत उभा होतो. गवत छान केलंय, वाऱ्याने एका अंगाला झुकतं. तेवढ्यात डावीकडून काहीतरी धावत आलं नि मी आडवा. पडदा करडा झाला. मग मी गावातल्या विहिरीजवळ पुन्हा उभा, धडधाकट, कपड्यांना मातीसुद्धा नाही. या खेळात मेलेला माणूस विहिरीजवळ परत येतो, एवढंच. माझी बायको जाऊन अजून वर्ष व्हायचंय. हे बघून मला राग यायला हवा होता. मी थोडी वाट बघितली. आला नाही.

खेळ लेकीने दिला. ती दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करते. मी इथे कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी मेणात एकेक दात बसवून बघतो आणि मग पक्की कवळी करून देतो. दोघांचीही कामं अशी, की नीट झाली तर कुणाच्या लक्षात येत नाहीत.

आमच्या घरात मी आणि लेक एकमेकांशी थेट कधी बोललो नाही. भांडण नव्हतं, पद्धतच तशी पडली होती. "आई, बाबांना सांग, माझी परीक्षा पुढे गेलीय." "तिला सांग, बरं झालं, आता अभ्यास कर." तिघंही एकाच टेबलाशी बसलेले, हात लांब केला तर लागेल इतके जवळ. बायको मध्ये बसायची आणि इकडचं तिकडे देताना पदरचं थोडं मीठमसाला घालायची. मी "बरं" म्हटलं की पलीकडे "बाबा खूश आहेत" असं पोचायचं. तिच्या हातून गेलेलं माझं बोलणं माझ्यापेक्षा चांगलं असायचं.

बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर निघालो. एक बाई नव्या दातांची वाट बघत होत्या, आणि मला दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. लेक दारात उभी राहिली. म्हणाली, "बाबा, तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

मी सवयीने बायकोच्या खुर्चीकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. मी पायात बूट घातले. संध्याकाळी परत आलो तर लेक तिच्या शहरात निघून गेली होती. त्यानंतर ती घरी आलेली नाही. घराची एक किल्ली तिच्याकडे आहे. ती किल्ली कुलपात फिरल्याचा आवाज मला ऐकायचा आहे. बाकी फारसं काही हवंय असं वाटत नाही.

फोन चालू होते. "बरं आहे?" "बरं." "ठेवते." हळूहळू तेही विरळ झाले. मग एकदा ती म्हणाली, "बाबा, एक नवा खेळ आलाय. जादूटोणा, राक्षस, वगैरे. आमच्या ऑफिसातले सगळे खेळतात. बोलावं लागत नाही, नुसतं बरोबर चालायचं. रविवारी दुपारी याल का?"

बोलावं लागत नाही म्हटल्यावर मी हो म्हणालो.

तर खेळ असा आहे. आधी स्वतःला घडवायचं. लांब कानांचे उंच लोक, शिंगवाले, बुटके, साधी माणसं. मी बुटका लोहार घेतला. नाक लांब करता येतं, भुवया दाट करता येतात, पण दातांना हात लावता येत नाही. आत गेल्यावर कळलं का ते. गावात पहारेकरी, पाववाला, भिकारी, सगळ्यांच्या तोंडात एकच कवळी. त्यातही नुसती वरची. खालचे दात दिलेलेच नाहीत! ही माणसं पाव खातात कशी, कुणास ठाऊक. आकाश मात्र भरपूर. इतकं आकाश कुणी वापरणार आहे असं वाटत नाही.

लेक शिंगवाली झाली होती, खांद्यावर हातोडा. ती लिहायची तेव्हा तिची अक्षरं तिच्या डोक्यावर वेगळ्या रंगात उमटायची. 'बाबा, चला.' मान हलवायची एक कळ तिने फोनवर सांगून ठेवली होती. मी मान हलवली. लिहायची गरज पडली नाही. आम्ही पुलावरून गेलो, मी एकदा नदीत पडलो, ती काठावर थांबली. किल्ल्यापाशी दोरीचा एक पाळणा माणसं वर नेत होता. ती तिथे बराच वेळ वर बघत राहिली. मग डोक्यावर अक्षरं आली: 'समोर तोलाचं वजनच नाही. हे पडायला हवं.' मी मान हलवली. गेल्या कित्येक महिन्यांतलं आमचं सगळ्यात मोठं संभाषण ते.

रानडुक्कर त्यानंतर आलं.

विहिरीजवळ मी जिवंत झालो, तशी लेक मागून धावत आली आणि म्हणाली, 'इथेच थांबा. मी गिरणीमागून लाकडं घेऊन येते.' मी थांबलो. तसंही मला नाकासमोरच चालता येत होतं. माउस कसा धरला की मागे बघता येतं, ते मी शिकलोच नव्हतो. आयुष्यात नाकासमोर चाललेल्या माणसाची खेळात वेगळी काय गत होणार!

माझ्या नाकासमोर विहिरीच्या कट्ट्यावर एक म्हातारी बसली होती. मी जवळ गेलो तशी ती बोलली. पडद्याच्या खालच्या पट्टीत तिचं वाक्य आलं: 'हे पांथस्था, तुझ्या मुखावर थकवा दिसतो. भोजन झाले का?'

भाषा जुन्या नाटकातल्यासारखी, पण प्रश्न ओळखीचा. पट्टीखाली लिहायला एक रिकामी चौकट होती. मला वाटलं, ही आजी म्हणजे कुठेतरी घरात बसून खेळणारी कुणी खरी बाई. विचारलंय तर उत्तर द्यायला हवं. मी लिहिलं, 'झालं. भात होता.'

'पर्वतापलीकडे अंधार वाढत आहे,' ती म्हणाली. 'तुझ्या मनात काय आहे, ते सांग.'

कुणी असं सरळ विचारलं नव्हतं. शेजारी 'धीर धरा' म्हणाले, डॉक्टर मंडळींनी हात हातात घेतला. मी एका बोटाने टाइप करतो, वेळ लागला.

'माझी बायको वारली. मला काही वाटत नाही. दात काढण्याआधी सुई देतात, त्यानंतर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं आहे. सुईचा असर दोन-तीन तासांत जातो. हा जात नाही.'

'भोजन झाले का?' आजी म्हणाली.

म्हातारी माणसं तेच तेच विचारतात. आमच्या बायकोचीही ठरलेली चार वाक्यं होती. मी पुढे लिहिलं.

'लेकीने विचारलं, काहीच वाटत नाही का. मी गप्प बसलो. काय सांगू? खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, हा माणूस दगड आहे. मला भीती वाटते की ती बरोबर आहे. तेवढी एक भीती वाटते. ती लाकडं आणायला गेलीय, येईलच. तिला यातलं काही सांगू नका.'

'पर्वतापलीकडे अंधार वाढत आहे.'

मी हात मांडीवर ठेवले. विहिरीजवळ एक कोंबडी गोल फिरत होती. मग पडद्याच्या कडेला लेकीच्या रंगाची अक्षरं उमटली. माझ्या मागून.

'बाबा, ती खरी माणूस नाही. कॉम्प्युटर आहे. आणि तुम्ही लिहिलेलं तुमच्या डोक्यावर दिसतं. जवळ असेल त्या सगळ्यांना.'

एरवी माझे कान तापले असते. मी फक्त म्हातारीच्या तोंडाकडे बघत बसलो. वरचे दात. खाली पोकळी.

लेकीची अक्षरं विरली. मला वाटलं, गेली. आताही गेली. मग पुन्हा अक्षरं आली, हळूहळू, तीही एका बोटाने टाइप करत असल्यासारखी.

'आजी, बाबांना सांगा, मी पण रडले नाही. एकदाही नाही. मला वाटलं, मीच तशी आहे. म्हणून त्यांच्यावर ओरडले. ते रडले असते तर निदान घरात कुणीतरी रडलं असतं.'

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्या लेकीने ही एवढी गोष्ट इतके दिवस एकटीने उचलली होती, आणि माझ्याकडेही तशीच एक पडून होती. छातीत काही हललं का, ते मी बघितलं. नक्की सांगता येत नाही. मी लिहिलं, 'तिला सांगा, ती तशी नाही.'

'त्यांना सांगा, तेही नाहीत. आणि विचारा, पुढच्या रविवारी मी घरी आले तर चालेल का?'

'तिला सांगा, किल्ली तिच्याकडे आहे.'

मला आणखी चांगलं काहीतरी सांगायचं होतं. इथे बायकोने मीठमसाला घातला असता. 'बाबा रोज दाराकडे कान लावून असतात' असं म्हणाली असती, आणि ते खोटंही नव्हतं. मी म्हातारीची वाट बघितली. ती म्हणाली, 'हे पांथस्था, तुझ्या मुखावर थकवा दिसतो.'

तिच्याच्याने व्हायचं नाही. मी चौकटीत लिहिलं, 'मागे कसं बघायचं?'

हे मी म्हातारीला विचारलं नव्हतं.

'माउसचं उजवं बटण दाबून ठेवा आणि बाजूला ओढा,' लेक म्हणाली.

मी दाबलं, ओढलं. आकाश गरागरा फिरलं, कोंबडी गेली, किल्ला गेला, आणि माझ्या अगदी मागे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, ती शिंगवाली जमिनीवर मांडी घालून बसली होती. हातोडा बाजूला, लाकडं समोर. या खेळात बसायचीही कळ असते, हे मला माहीत नव्हतं. ती बराच वेळ तिथे बसली असणार.

'तू जेवलीस का?' मी लिहिलं.

'नाही.'

'मी पण नाही. तो भात सकाळचाच झाकून ठेवलाय.'