गाळलेल्या ओळी

"होडी बेटाला लागली. थोरल्यानं वल्हं खाली ठेवलं आणि कुत्र्याला दटावलं, गप्प..."

ताई वाचता वाचता थांबली. पुढचा शब्द धाकट्या भावानं म्हणायचा होता. तो पंख्याकडे बघत पडला होता.

"बस," शेवटी तीच म्हणाली आणि पुढं वाचू लागली.

ही युक्ती बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंची. लकवा होऊन धाकट्याची वाचा गेली तेव्हापासून त्या येत होत्या. "लहानपणी पाठ असलेलं काहीतरी वाचा, वाक्य अर्धं सोडा. कधी कधी शब्द आपोआप बाहेर पडतो. पण जे यायचं ते आत्ताच येतं, मग कठीण," असं त्यांनी बजावलं होतं. ताईनं शिवणयंत्र झाकलं आणि लहानपणीचं ते पुस्तक आणायला तडक वाचनालय गाठलं. सगळी गल्ली तिला ताईच म्हणायची, पण ती खरी ताई होती या एकट्याची.

पुस्तकातली तीन भावंडं सुट्टीत खेड्यातल्या काकांकडे जातात आणि नदीतल्या बेटावर लपलेले चोर पकडतात. छापखान्याच्या वरच्या एका खोलीत वाढलेल्या या दोघांनी नदी पाहिली ती त्यातच. आईवडील कामाला गेले की ताई वाचायची आणि हा तिच्या मांडीवर डोकं टाकून ऐकायचा. कंटाळून तिनं एखादी ओळ खाल्ली की ताडकन उठून बसायचा. "ताई, लबाडी करू नकोस. मध्ये कुत्रं भुंकतं."

पुढं तो दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर झाला. रोज खेड्यापाड्यांतून हिंडायचा.

"कसं असतं रे तिकडं?" ती विचारायची.

"काही नाही गं. शेण, चिखल आणि मापावरून भांडणारी माणसं. एकदा नेतो तुला, तूच बघ."

त्या 'एकदा'ला कधी मुहूर्त लागला नाही. कधी गाडीत जागा नसायची, कधी ताईच्या डोक्यावर शाळेच्या गणवेशांचा ढीग असायचा.

आता वाचताना तिला एक नवीनच गोष्ट दिसली. पुस्तकातली मोठी बहीण बेटावर जातच नव्हती. डबे भरायची, ओले कपडे वाळत घालायची आणि काठावर थांबायची. लहानपणी हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. तेव्हा ती स्वतः होडीत बसलेली असायची.

"बघ रे, हिला नेलंच नाही यांनी," ती हसून म्हणाली.

धाकट्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पंख्याकडे.

तेव्हा तिनं मुद्दाम एक ओळ गाळली, कुत्र्याचीच. वाट पाहिली. मग अर्धं पान गाळलं. मग गुहेचं अख्खं प्रकरण सोडून ती थेट शेवटाशी आली. चोर सापडण्याआधीच मुलं घरी परतली. धाकटा ऐकत राहिला. त्याच्या ओठांच्या कडेनं ओघळलेली लाळ उशीवर उतरत होती.

भावजय औषध घेऊन आत आली. "ऐकतायत ना?"

"ऐकतोय की," ताई म्हणाली.

भावजय उगाच बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "बाईंचा फोन आला होता. पुढच्या आठवड्यापासून येणार नाहीत. उपयोग नाही म्हणाल्या."

ताईनं पुस्तक मिटलं. धाकट्याचं तोंड पुसलं. "तू जरा पाठ टेक जा. मी आहे इथं."

दोघींनी मिळून त्याला उठवून बसवलं आणि भावजय आत गेली. शर्ट त्याच्या अंगावर नुसता लोंबत होता.

"किती वाळलास रे. थांब, बाजूनं आत घेते."

तिनं पिशवीतून टाचण्या काढून ओठांत धरल्या. त्याचा लुळा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला आणि काखेपासून खाली कापड चिमटीत धरत एकेक टाचणी लावत गेली. ओठांत टाचण्या असल्या की बोलता येत नाही.

टाचण्या संपल्या. तो हात तिनं खांद्यावर तसाच राहू दिला.