एका टाकीच्या दोन टाक्या

कचेरीत त्याला सगळे काटकसरे म्हणायचे. त्याचं खरं आडनाव वेगळं आहे, हे पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवायचं. वनखात्याच्या खरेदी विभागात तो कारकून होता. पेन्सिलीपासून ट्रकच्या टायरपर्यंत सगळं त्याच्या हातून यायचं, आणि कशात थोडं वाचवलं की दिवसभर स्वतःचीच पाठ थोपटत फिरायचा.

चार महिन्यांपूर्वी वणव्यावर नजर ठेवायच्या मनोऱ्यावरची जुनी दुर्बीण पडून फुटली, तेव्हा नवी आणायलाही तोच गेला. दुकानदाराने काउंटरवर दोन ठेवल्या, एक स्वस्त आणि एक तिच्या सहापट किमतीची. "कधीमधी बघायचं असेल तर ही स्वस्तातली चालेल," दुकानदार म्हणाला. "तासन्‌तास डोळ्याला लावायची असेल तर मात्र हात आखडू नका."

त्याने दोन्ही घेतल्या. स्वस्तातली मनोऱ्यावर पाठवली आणि महागडी मोठ्या साहेबांच्या कपाटात ठेवली, आल्यागेल्याला दाखवायला. साहेब ते कपाट कशाला उघडतात! दर शनिवारी ती याच्या पिशवीतून घरी जायची आणि सोमवारी गुपचूप परत यायची. रविवारभर हा गच्चीत बसून पक्षी बघायचा. याला काय म्हणायचं ते आपलं आपण ठरवावं; तो त्याला 'वस्तू वापरात ठेवणं' म्हणायचा.

मनोऱ्यावर नोकरीला होते त्याचे सख्खे भावोजी, ताईचे यजमान. बावीस वर्षांत त्यांची नजर कधी चुकली नव्हती. या चार महिन्यांत मात्र दोनदा त्यांनी धुळीला धूर समजून बंब पळवले. तिसऱ्यांदा खरा धूर दिसला, तर पुन्हा हसं होईल म्हणून घटकाभर थांबले, आणि एक अख्खी टेकडी जळून गेली. नजर अधू झाल्याचं कारण देऊन त्यांना खाली रोपवाटिकेत हलवायचं ठरलं. तो बदलीचा कागद टाइप करून सहीला ठेवला होता तोही काटकसरेनेच.

मग ताईचा फोन आला. "डॉक्टर म्हणतात डोळे ठणठणीत आहेत. मग यांच्या डोक्यातच काहीतरी झालं असणार रे. धड जेवत नाहीत, बोलत नाहीत. तू एकदा जाऊन बघ ना."

तो रविवारी गेला. जातोच आहोत तर वरून पक्षीही दिसतील, म्हणून महागडी दुर्बीण पिशवीत टाकली. पुढे कितीतरी दिवस त्याला सगळ्यात जास्त लाज वाटायची ती या पिशवीची.

मनोऱ्याच्या खोलीत एक टेबल, एक फोन आणि चारी बाजूंना खिडक्या. भावोजी डॉक्टरांनी नको म्हटलं तरी करून घेतलेला नवा चष्मा लावून बसले होते. वाळलेले दिसत होते.

"ये रे," ते म्हणाले. "ताईने पाठवलं ना? खरं सांगू, मलाच भीती वाटायला लागलीय. समोरच्या टेकडीवर पाण्याची टाकी आहे ना, ती मला दुर्बिणीतून दोन-दोन दिसते. दोन तास बघितलं की डोकं गरगरतं."

"मग दुर्बीण वाईट आहे असं नाही वाटलं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"छे, छे. तू निवडलेली ती. तुझ्या हातून वाईट वस्तू येईल होय?"

त्याने टेबलावरची दुर्बीण उचलून डोळ्यांना लावली. दोन टाक्या. एकीच्या खांद्यावर दुसरी, आणि दोघींच्या कडा थरथरणाऱ्या. त्याने काचा पुसून पुन्हा लावली; तरी दोनच.

"तुलाही दोन?" भावोजी काळजीने म्हणाले. "तुझं-माझं रक्त तर एक नाही. वेळेत दाखवून घे बाबा, माझ्यासारखं करू नकोस."

आता बोलावंच लागणार होतं. त्याने पिशवी उघडून महागडी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. भावोजींनी ती लावली. बराच वेळ काढली नाही. चष्मा काढून पुन्हा लावली.

"एकच आहे," ते म्हणाले. "शिडीच्या पायऱ्यासुद्धा मोजता येतायत." त्यांचा आवाज भरून आला होता. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे. कुणाची रे ही?"

"साहेबांच्या कपाटातली. त्याच दिवशी घेतली होती. दर शनिवारी मी घरी नेतो."

भावोजींनी दुर्बीण सावकाश खाली घेतली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते खिडकीकडे वळले आणि त्या जळक्या टेकडीकडे नुसत्या डोळ्यांनी बघत राहिले.

"आधी ताईला फोन कर," ते पाठमोरेच म्हणाले. "चार महिने तिच्या जिवाला घोर लागलाय."

पहिल्याच घंटीला ताईने फोन उचलला.

"ताई, भावोजींना काही झालेलं नाही. डोळे चांगले आहेत, डोकंही चांगलं आहे."

ती रडायलाच लागली. "देव पावला रे बाबा. तू होतास म्हणून कळलं हे."

भावोजींनी मान वळवली नव्हती, पण ते ऐकत होते.

"नाही, ताई," तो म्हणाला. "मी होतो म्हणूनच हे झालं."