गप्प बसलेला अमेरिकन

मी एकोणचाळीस वेळा पृथ्वी वाचवली आहे. उल्कांपासून अकरा वेळा, परग्रहावरच्या लोकांपासून चौदा वेळा, बाकीच्या वेळी रोगराई, बॉम्ब, भूकंप आणि एकदा चक्क मुंग्यांपासून. दर वेळी मी अमेरिकन होतो. दर वेळी घरी येताना दूध आणायचं विसरलो.

हे डबिंगचं काम उभ्याने करायचं असतं. बंद खोली, समोर पडदा, पडद्यावर त्यांचा हीरो, माझ्या कानांवर हेडफोन, हातात आपल्या भाषेतले संवाद. सिनेमा छोट्या छोट्या तुकड्यांत चालवतात, त्या तुकड्याला लूप म्हणतात. जमलं नाही तर तोच लूप पुन्हा, म्हणजे दुसरा टेक. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट एकच गोष्ट ओरडत असतो, "तोंड भरा!" म्हणजे पडद्यावरचे ओठ हलतायत तोवर आपले शब्द संपता कामा नयेत. हीरो नुसतं 'नो' म्हणाला आणि तोंड जरा जास्त वेळ उघडं राहिलं, तर आपण म्हणायचं, "नाही! हे कदापि होणार नाही!"

तीस वर्षं मी अमेरिकेचं तोंड भरतोय. त्यामुळे ही गोष्टही लूपमध्येच सांगतो. दुसऱ्या रीतीने सांगायला गेलो तर माझी मलाच कळणार नाही.

*लूप १. घर. सामान अजून दारातच.*

माझी लेक, तिला आम्ही चिमणी म्हणतो, परदेशात पूल बांधायला शिकायला गेली आणि येताना एक अमेरिकन घेऊन आली. लग्न करायचं म्हणाली. माझी काहीच हरकत नव्हती. मी तर त्यांच्यातलाच. प्रश्न आक्काचा होता.

आक्का माझी थोरली बहीण. चिमणीची आई गेली तेव्हा चिमणी दोन वर्षांची होती. आक्काने तिला खालच्या मजल्यावरच्या आपल्या लाँड्रीत वाढवलं. इस्त्रीच्या टेबलाखाली धुतलेल्या चादरींची गादी करून निजवायची. म्हणून चिमणीने फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, "आत्या हो म्हणाली तर लग्न. तिने नाही म्हटलं तर तिला दुखवून मी मांडवात उभी राहणार नाही."

आणि विमानातून उतरताना नेमका चिमणीचा आवाज बसला. नुसता बसला नाही, आडवाच झाला. डॉक्टरांनी सांगितलं, आठ दिवस एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

आता बघा. आक्काला इंग्रजी येत नाही. पाहुण्याला आपली भाषा येत नाही. चिमणीला बोलता येत नाही. उरलं कोण?

चिमणीने वहीत लिहिलं : *बाबा, तो जे बोलेल तेच सांगायचं.*

"अगं, माझा धंदाच आहे तो!"

तिने 'तेच'खाली रेघ मारली. मग दुसरी मारली.

*लूप २. गल्ली. लोक बघायला जमलेले.*

गल्लीची घोर निराशा झाली. सहा फुटांच्या खालच्या अमेरिकनाची कोणाची तयारी नव्हती. समोर उभा होता मध्यम उंचीचा, चष्मा लावलेला, उन्हाने कान लाल झालेला एक शांत माणूस.

"हा कुठल्या अमेरिकेतला?" शिंप्याने विचारलं.

"अमेरिका एकच असते," केमिस्ट म्हणाला.

"दोन असतात. भूगोलात होत्या. एक वर, एक खाली."

"मग हा बहुतेक मधल्या जोडातला."

शिंप्याची तक्रार बरीच जुनी होती. त्याने ती माझ्यामार्फत थेट देशापर्यंत पोचवली. "त्यांना विचारा, धडधाकट पँट गुडघ्यावर फाडायची कल्पना कोणाची? माझ्याकडे माणसं नवी पँट आणतात आणि म्हणतात, मास्तर, जरा फाडून द्या. मी सुईला काय तोंड दाखवू?"

केमिस्टचं म्हणणं वेगळं. "भांडण लावतील, मग मलमपट्टी पाठवतील. मलमपट्टी मात्र उत्तम असते हो. खोटं का बोला."

पाहुण्याने ऐकून घेतलं आणि अगदी हळू आवाजात दोन शब्द बोलला. सॉरी, आणि थँक्यू. कोणतं पँटीला आणि कोणतं मलमपट्टीला, ते कळलं नाही.

"हा काय आवाज आहे?" शिंपी माझ्याकडे वळला. "राग मानू नका, पण तुमचा आवाज याच्यापेक्षा जास्त अमेरिकन आहे."

मी राग मानला नाही. माझी छाती दोन बोटं फुगली. पुढचं सगळं रामायण त्या दोन बोटांनी घडवलं.

*लूप ३, टेक १. लाँड्री. सकाळ. आक्का इस्त्री करतेय.*

आक्काची अमेरिकेबद्दलची माहिती कपड्यांवरून आलेली. तिच्या दोरीवर कायम सात-आठ तरी टी-शर्ट असे असतात ज्यांवर तिकडच्या कॉलेजांची नावं छापलेली आहेत. "आपल्या गल्लीतले निम्मे लोक अमेरिकेत शिकलेत," ती म्हणते, "आणि एकालाही टी-शर्ट उलटा करून वाळत घालायचं कळत नाही."

पाहुणा स्टुलावर बसला. मी त्याच्या शेजारी, तोंड दिसेल असा. चिमणी वही घेऊन कोपऱ्यात. शिंपी आणि केमिस्ट आपापले शर्ट न्यायला आले होते, दोघांचेही शर्ट अंगावर असताना.

"काय करतो म्हणावं?" आक्काने सुरुवात केली.

पाहुण्याने चष्मा सारखा केला. मग सांगितलं की चार हजार वस्तीच्या एका गावात तो लहान मुलांना पोहायला शिकवतो. एवढंच. पण या वाक्याच्या आधी, मधे आणि नंतर तो "अं…" करत राहिला. तोंड उघडं. रिकामं. लांबच लांब. भरायला कोणी नाही.

तीस वर्षांची सवय हो. मी भरलं.

"मी पाण्यातल्या मोहिमांवर असतो," मी छातीतून, खालच्या पट्टीत म्हणालो. "आत गेलेल्या प्रत्येकाला मी जिवंत बाहेर आणतो!"

शिंप्याने टाळी वाजवली. चिमणीने पेन्सिल उचलली.

आक्काची इस्त्री थांबली. "घरी कोण असतं?"

पाहुणा म्हणाला, आई असते, आणि एक म्हातारा कुत्रा, त्याला हल्ली ऐकू येत नाही. कुत्र्याची आठवण आल्यामुळे त्याचे ओठ पुढेही बराच वेळ हलत राहिले.

"घरी आई दाराकडे डोळे लावून बसलीय. आणि एक जुना साथीदार आहे. त्याला आता तोफा धडाडल्या तरी ऐकू येत नाही."

"अरे देवा," केमिस्ट पुटपुटला.

"आणि आमच्या चिमणीला ठेवणार कुठे?"

पाहुणा हसला. म्हणाला, ते तिने ठरवायचं. तिला कुठेही पूल बांधायला मिळो, पोहण्याचा तलाव काय, सगळीकडे असतोच.

"ती जाईल तिथे मी जाईन! या पृथ्वीवर असा एकही कोपरा नाही जिथे आम्ही पोहोचत नाही!"

आक्काने इस्त्री उभी केली. प्लग काढला. ती प्लग काढते तेव्हा दुकान बंद असतं किंवा विषय.

"तेच माझं दुखणं आहे," ती म्हणाली. "न बोलावता पोहोचतात. आग विझवायला म्हणून दुसऱ्याच्या घरात शिरतात आणि मग पाईप गुंडाळायचं नाव नाही. धाकट्या, मला जग वाचवणारा जावई नको. जग वाचवणाऱ्याच्या घरात काय होतं ते मी पाहिलंय. तू पृथ्वी वाचवत होतास तेव्हा ही पोर या टेबलाखाली निजायची. नाही म्हणून सांग त्याला."

पाहुण्याने मला इंग्रजीत विचारलं, काय म्हणाल्या?

माझं तोंड उघडं राहिलं. माझ्यासाठी भरायला कोणी नव्हतं.

*लूप ३, टेक १ आणि टेक २ यांच्या मधलं.*

हे रेकॉर्डिंगमध्ये येत नाही, पण सांगतो. चिमणी उठली. तिने वही टेबलावर अशी आपटली की हँगर हलले. डोळ्यांत पाणी, घशात आवाज नाही. आक्काने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं :

"आत्या, बाबांनी सगळं मनाचं घातलंय. तो लहान मुलांना पोहायला शिकवतो. साथीदार म्हणजे कुत्रा आहे."

आक्काने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"धाकट्या, हे काय?"

"आक्का, त्याचे ओठ जास्त वेळ उघडे होते."

"म्हणून तू त्यांत तोफा घातल्यास?"

शिंपी खाली बघून आपलं बटण तपासू लागला. आक्काने प्लग पुन्हा लावला. मला हायसं वाटलं. इस्त्रीचा लाल दिवा लागला म्हणजे विषय अजून गरम आहे.

"पुन्हा," ती म्हणाली, अगदी आमच्या रेकॉर्डिस्टसारखी. "तो थांबला की तू थांबायचं. एक शब्द जास्त निघाला तर तुझ्या शर्टांची इस्त्री बंद. जन्मभर."

*लूप ३, टेक २.*

आक्का : जगाला तुमच्याबद्दल काय वाटतं, ठाऊक आहे का तुला?

पाहुणा : (ओठ उघडतात. मिटतात. उघडतात.)

मी : (काही नाही.)

पाहुणा : (छताकडे बघतो. पंखा फिरतोय.)

मी : (काही नाही. पोटात 'आम्ही स्वातंत्र्याचे रक्षक' असं काहीतरी उसळी मारतंय. गिळतो. फार कडू असतं हो, न बोललेलं वाक्य.)

पाहुणा, माझ्या तोंडून : घरी असताना वाटायचं, आमच्याबद्दल कोणी विचारच करत नसेल.

(थांबतो. मी थांबतो.)

पाहुणा, माझ्या तोंडून : इथे आल्यापासून सगळे विचारतात. पँटीबद्दल विचारलं. लढायांबद्दल विचारलं. मी त्यातलं काही केलेलं नाही. पण माझा काही संबंधच नाही, असंही म्हणवत नाही. पासपोर्ट माझा तोच आहे.

आक्का : पुढे?

मी : पुढे काही नाही. गप्प बसलाय.

आक्का : असा किती वेळ बसतो?

चिमणी (वही उंच धरून) : *खूप. आधी मला वाटलं बिघडलाय.*

आणि आक्का हसली. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग टेबलाला धरून.

"तीस वर्षं झाली," डोळे पुसत ती म्हणाली, "टीव्ही लावावा तर अमेरिकन बडबडतोय. बुडतोय तरी बडबडतोय, मरतोय तरी बडबडतोय. मला वाटायचं, या लोकांना दम कसा लागत नाही! तो तू होतास, मेल्या!"

काय बोलणार? खरंच होतं. एका अख्ख्या देशाला तीस वर्षांत मी एकदाही गप्प बसू दिलं नव्हतं. आमच्या गल्लीला अमेरिकेबद्दल जे वाटतं, त्यातलं निम्मं अमेरिकेने केलं असेल. उरलेलं निम्मं मी केलं, दुपारी दोन ते सहा, मधे चहाची सुट्टी धरून.

आक्का पाहुण्याजवळ गेली आणि त्याची कॉलर उलटून बघितली. माणसाची परीक्षा ती अशीच घेते.

"स्वतः धुतो?"

मी विचारलं. पाहुण्याने मान डोलावली.

"उलटा करून?"

पुन्हा मान डोलली.

"हं." आक्का मागे सरकली. "आता नीट सांग त्याला, जसंच्या तसं. मला सहासष्ट वर्षं झाली. सगळा जन्म हात पाण्यात राहिले, पण पाय घोट्याच्या वर भिजला नाही. भीती वाटते. 'आत गेलेल्याला जिवंत बाहेर आणतो,' हे वाक्य धाकट्याचं होतं, पण ते त्याने खरं करून दाखवावं. मी पाण्यात उतरून परत आले, तर माझा होकार."

मी जसंच्या तसं सांगितलं. इंग्रजीत, एक शब्द न वाढवता. पाहुण्याचे कान आणखी लाल झाले.

*लूप ४. नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव. मंगळवार सकाळ.*

आक्काचा पोहण्याचा पोशाख शिंप्याने शिवला. मानेपासून पोटरीपर्यंत, जाड कापडाचा. "गुडघे शाबूत ठेवलेत," त्याने तलावाच्या काठावरून पाहुण्याला ओरडून सांगितलं. केमिस्ट मलमपट्टी घेऊन आला होता. कुठल्या देशाची, ते त्याने सांगितलं नाही.

चिमणी आणि मी बाकावर. तिच्या घशाला अजून दोन दिवस बाकी होते. तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली.

आक्का एक पायरी उतरली. दुसरी. पाणी पोटरीला, गुडघ्याला, कमरेला. कठड्याची दांडी तिने दोन्ही हातांनी पकडली होती. पाहुणा समोर उभा होता, दोन हात अंतरावर, तळवे वर करून. जवळ येत नव्हता. ओढत नव्हता. नुसता उभा.

"अं…" तो म्हणाला.

आणि थांबला. ओठ उघडे. लांबच लांब. मोकळे. माझ्या छातीत आपोआप हवा भरली.

चिमणीने माझ्याकडे बघितलं.

मी हवा सोडून दिली.

"धाकट्या!" आक्का मान न वळवता ओरडली. "काय म्हणतोय हा?"

"काही नाही आक्का. वाट बघतोय."

"किती वेळ बघेल?"

"तू दांडी सोडेपर्यंत."

 आक्काने उजवा हात सोडला. मग, बऱ्याच वेळाने, डावा.