उपाशी ठेवलेल्या मिरच्या

वाफ्यात मिरचीची चाळीस रोपं होती. वीस रोपांच्या मुळाशी दलेंदानं ट्युनिसच्या शेतकी संस्थेतून आणलेली बुरशीची माती चमचा चमचा घातली आणि त्यांना लाल लोकर बांधली. उरलेली वीस तशीच ठेवली.

"मिरचीला बुरशी लावायची?" साल्हा खाला, तिची मावशी, कपाळावर हात मारून म्हणाली. "हेच शिकायला तुला ट्युनिसला धाडलं का गं?"

"ही चांगली बुरशी, खाला. मुळं पोचत नाहीत तिथून हिचे धागे पाणी ओढतात, नि झाड त्यांना साखर देतं."

समुद्रकाठच्या कुर्बा गावातली त्यांची विहीर आता खारट झाली होती. खालाचा दीर मोंजी टपूनच बसला होता. यंदा मिरची नीट आली नाही, तर हा वाफा मोडून तिथं जैतून, म्हणजे ऑलिव्हची झाडं, लावायची, असं त्यानं घरात ठरवून टाकलं होतं. मग खालाची हरिसा, ती लाल मिरचीची चटणी, संपलीच.

उन्हाळ्यात चाळीसही रोपं सारखीच तरारली. दलेंदा बिनलोकरीच्या रोपांपाशी वाकली. "खाला, बिनलोकरीची कशी वाढली?"

"तू ट्युनिसला गेलीस, तेव्हा पिशवीतली उरलेली माती त्यांनाही दिली की."

"अगं, त्यांना मुद्दाम उपाशी ठेवलं होतं! तुलना करायला!"

"माझ्या वाफ्यात? एका परातीभोवती बसवून निम्म्यांना जेवू घालायचं नि निम्म्यांना बघत ठेवायचं, हे तुमच्या संस्थेत चालत असेल."

कुंपणापलीकडून मोंजी खदखदून हसला. "झालं! आता तुलना कशाशी करणार, डॉक्टरीणबाई?"

दलेंदानं कुंपणापलीकडच्या त्याच्या मिरचीच्या वाफ्याकडे पाहिलं. जात तीच, विहीर तीच, रोपंही एकाच दिवशी लावलेली. तीही चाळीस.

"तुमच्याशी, मोंजीकाका."

"माझ्याशी? मी पोतंभर खत ओतलंय, पोरी! चल, हरलीस तर तुझ्याच हातानं जैतून लाव. नि मी हरलो, तर वाफ्याचं नाव काढणार नाही."

तोडणीच्या दिवशी तराजू त्यानं स्वतःचाच आणला. खालाच्या टोपल्या त्यानं दोनदा झटकल्या, खाली दगड आहे का ते पाहिलं. स्वतःच्या मात्र देठांसकट, चार ओल्या पानांसकट चढवल्या.

"नीट वाच हं, मोंजी," खाला म्हणाली, "चष्मा पुसून."

मोंजीनं चष्मा पुसला, टोपल्या उतरवून पुन्हा चढवल्या आणि पुन्हा वाचलं.

साल्हाचा वाफा : एकतीस किलो चारशे ग्रॅम. मोंजीचा : बावीस किलो नऊशे, पानांसकट.